स्मूदी पिऊनही वजन का उतरत नाही?

तुम्ही विचारलंय की, रोज सकाळी घरीच स्मूदी करते, साखर अजिबात घालत नाही, तरी दोन महिन्यांत वजनाचा काटा जागचा हललेला नाही, उलट किलोभर वाढलंय, तर चुकतंय कुठे. घटकही दिलेत: दोन केळी, एक सफरचंद, पेलाभर सायीसकट दूध, दोन मोठे चमचे पीनट बटर आणि चमचाभर मध. शिवाय रात्रीच्या जेवणाऐवजी स्मूदी घेतली तर चालेल का, असाही प्रश्न आहे.

मी जवळजवळ अशीच स्मूदी वर्षभर प्यायले आहे आणि माझंही वजन वाढलं होतं. त्यामुळे हे वाचून राहवलं नाही.

आधी हिशेब करू. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण १०५ कॅलरी असतात, म्हणजे दोन केळ्यांच्या २१०. सफरचंदाच्या ९५, दुधाच्या १५०, पीनट बटरच्या १९०, मधाच्या ६०. एकूण ७०० च्या पुढे. यात वाईट असं एकही जिन्नस नाही. नाश्त्याऐवजी हा पेला घेतलात तर ते पोटभर जेवण आहे, त्यात १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनंही आहेत. पण तुम्ही पुढे लिहिलंय, 'नंतर नऊ वाजता नाश्ता करते'. माझ्या मते सगळी गोची या एका वाक्यात आहे. मीही तेच करायचे. स्मूदी हे पेय आहे आणि जेवण वेगळं, असं मी डोक्यात पक्कं धरलं होतं. पाण्याचा पेला मोजत नाही, तशी स्मूदीही मोजली नाही. ती जेवण म्हणून धरली तरच हिशेब जुळतो.

'मिक्सरमध्ये फिरवल्याने फायबर नष्ट होतं' असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. पातं फायबरचे बारीक तुकडे करतं, पण फायबर भांड्यातच राहतं. ते खरं वाया जातं रस गाळून घेतला तर. स्मूदीची अडचण वेगळी आहे, ती म्हणजे वेग. १९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. त्यात दहा जणांना अख्खी सफरचंदं, सफरचंदाचा गर आणि रस अशा तीन रूपांत सारखीच कर्बोदकं दिली होती. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगाने संपला. सगळ्यांना सारख्याच वेगाने खायला-प्यायला लावलं तेव्हाही पोट भरल्याची भावना सर्वांत जास्त अख्ख्या फळाने आली, मग गराने, आणि सर्वांत कमी रसाने. स्मूदी यात गराच्या जवळ बसते. दोन केळी आणि एक सफरचंद चावून खायला बसलात तर दुसऱ्या केळ्यापाशीच थांबाल. तीच फळं पेल्यातून दोन मिनिटांत पोटात जातात. मी तर ओट्याशी उभ्या उभ्याच संपवायचे.

माझ्या बाबतीत खरा फरक पडला तो साध्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने. फक्त एक आठवडा, भांड्यात जे जाईल ते सगळं आधी काट्यावर ठेवायचं असं ठरवलं. पीनट बटरचा सपाट मोठा चमचा १६ ग्रॅमचा असतो. माझा 'एक चमचा' ३१ ग्रॅम निघाला, कारण मी तो ढीग करून भरत होते. म्हणजे दोन चमच्यांच्या नावाखाली मी जवळजवळ चार घालत होते. तुमचंही तसंच असेल असं नाही, पण एकदा मोजून बघा. स्निग्ध पदार्थांत ग्रॅममागे ९ कॅलरी असतात, प्रथिनांत आणि कर्बोदकांत ४. त्यामुळे चमच्याची चूक सर्वांत महाग पडते ती सुक्या मेव्यात, बियांत आणि अशा बटरांत. पालकाची मूठ दुप्पट झाली तरी काही बिघडत नाही, ३० ग्रॅम पालकात जेमतेम ७ कॅलरी असतात.

आता मधाबद्दल. 'साखर अजिबात घालत नाही' असं तुम्ही लिहिलंय, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मध, सिरप आणि फळांचा रस यांतली साखरही 'मुक्त साखर' म्हणूनच धरली आहे. ती दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आत, असं त्या सांगतात. मोठ्या चमचाभर मधात १७ ग्रॅम साखर असते. पिकलेलं केळं असताना मधाची गरजच पडत नाही. गोडी कमी वाटली तर दालचिनीची चिमूट घाला. आठवड्याभरात जिभेला सवय होते, हे मी खात्रीने सांगते.

मी भांडं भरायचा क्रमच उलटा केला. पूर्वी आधी फळं पडायची आणि उरलेल्या जागेत बाकीचं. आता आधी प्रथिनं, मग फायबर, फळ शेवटी. पाणी निथळलेलं, बिनसाखरेचं, कमी स्निग्धांशाचं घट्ट दही २०० ग्रॅम घेते. त्यातून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. साध्या पातळ दह्यात त्याच्या निम्मीही नसतात, म्हणून दही निथळायचा आळस करू नका. मग मोठा चमचाभर जवसाची पूड. पूडच हवी, अख्खं जवस बरंचसं न पचताच बाहेर पडतं. मूठभर पालक, अर्धं केळं, पाऊण वाटी गोठवलेल्या स्ट्रॉबेरी आणि लागेल तेवढं पाणी. हे सगळं २६५ कॅलरींच्या आसपास जातं. अकरा वाजताच भूक लागत असेल तर २० ग्रॅम ओट्स घाला, ७५ कॅलरी वाढतील पण दुपारपर्यंत निभेल. गोठवलेल्या फळांबद्दल मनात शंका नको, पोषणात ती ताज्यांच्या बरोबरीचीच आहेत, आणि त्यांच्यामुळे स्मूदी इतकी घट्ट होते की वाटीत काढून चमच्याने खावी लागते. मी मुद्दाम तशीच खाते, बसून. दहा मिनिटं तरी लागतात.

दुधाऐवजी बदामाचं दूध वापरायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. बिनसाखरेचं असेल तर कॅलरी खरंच कमी होतात, पेल्याला ३०-४०च उरतात. पण प्रथिनंही ८ ग्रॅमवरून १ ग्रॅमवर येतात. सोबत दही असेल तर ठीक, नुसत्या फळांबरोबर घेतलंत तर तासाभरात पुन्हा भूक लागेल.

केळं आणि बेरी एकत्र घालण्याबद्दल एक गोष्ट. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२३ मध्ये आलेला अभ्यास सांगतो की, केळ्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) फ्लॅव्हनॉल ही उपयुक्त द्रव्यं शरीरात फार कमी पोचतात. नुसती कॅप्सूल घेतल्याच्या तुलनेत केळ्याच्या स्मूदीनंतर ती ८४ टक्क्यांनी कमी आढळली. वजनाशी याचा संबंध नाही, म्हणून मी केळं सोडलं नाही. पण बेरी खास त्या द्रव्यांसाठी घेत असाल तर त्या दिवशी केळं वगळा. आणि अननस किंवा किवी दह्याबरोबर फिरवलंत तर लगेच संपवा, रात्री करून सकाळसाठी ठेवू नका. त्यांतली विकरं दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि चव कडू होते.

मुतखड्याचा त्रास झालेला असेल तर रोज कच्चा पालक घालण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्यात मुतखड्याला कारण ठरू शकणारं ऑक्झलेट भरपूर असतं. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तरी विचारा, पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाचा त्या औषधाशी थेट संबंध आहे. मधुमेहाची औषधं घेत असाल तर नाश्ता असा एकदम बदलण्याआधीही त्यांच्याशी बोलून घ्या.

राहिला रात्रीचा प्रश्न. मी तीन आठवडे करून पाहिलं. आठला स्मूदी, आणि साडेदहाला फ्रीज उघडून हाताला लागेल ते खाणं. जेवणाएवढ्या कॅलरी वरून जायच्या आणि जेवल्याचं समाधानही नाही. दिवसभराच्या धावपळीनंतर मला काहीतरी गरम आणि चावून खायचं लागतं, हे तेव्हा कळलं. म्हणून स्मूदी सकाळी, तीही नाश्त्याऐवजी, आणि रात्री भाज्या जास्त असलेलं साधं जेवण, असं मी ठेवलं. तुम्ही तर आधी फक्त नऊचा नाश्ता थांबवून बघा. पहिले तीन-चार दिवस नऊ वाजता सवयीने भूक लागेल. पाचव्या-सहाव्या दिवशीही तशीच लागली तर स्मूदीत दही वाढवा, फळ नको.