कोवळा नर सोडून दिला, तर?

प्रश्न : अमेरिकेतला माझा भाचा परवाना काढून हरणांची शिकार करतो, मात्र कोवळा नर दिसला की बंदूक खाली ठेवतो. एकट्याच्या अशा संयमाने तिथली हरणे टिकतात का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : नर सोडल्याने कळपात प्रौढ नर वाढतात, एकूण संख्या फारशी वाढत नाही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि पुढची वीण माद्यांवरच अवलंबून असते. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची सुदृढ मादी बहुधा जुळी पाडसे देते, म्हणून कळप विरळ असेल तिथे मादी सोडणे अधिक मोलाचे, आणि तेही शेजारच्या शिकाऱ्यांनी पाळले तरच, कारण हरणे कुंपण जुमानत नाहीत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळाची शिकार हा गुन्हाच आहे. तुमच्या शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात ते काम बिबट्याकडे आहे.