वाचकांचे प्रश्न: हरलेल्या लढाईचं एवढं कौतुक कशाला?

प्रश्न: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली बंकर हिलची लढाई ब्रीड्स हिल नावाच्या टेकडीवर झाली असं वाचलं. मग नाव चुकलं का?

हो, चुकलंच, आणि चिकटलं. अमेरिकन बाजूच्या कर्नल विल्यम प्रेस्कॉटला हुकूम होता बंकर हिलवर मोर्चा बांधायचा, पण 16 जून 1775 च्या रात्री त्याची हजार-बाराशे माणसं पुढच्या, बुटक्या ब्रीड्स हिलवर जाऊन खणत बसली. ती टेकडी बॉस्टनच्या जास्त जवळ. का बदललं यावर इतिहासकार अजून भांडतात. नंतर स्मारक उभारलं तेही ब्रीड्स हिलवरच, 221 फुटांचं, आणि नाव? बंकर हिल मॉन्युमेंट!

प्रश्न: अमेरिकन लोक ही लढाई हरले, टेकडी सोडून पळाले. तरी सुरुवातीची महत्त्वाची लढाई म्हणून तिचं एवढं नाव. की हे सगळं नंतरचं मार्केटिंग?

मार्केटिंग झालं, नाही कशाला म्हणू. पण हिशेब बघा आधी.

दोन महिने आधी, 19 एप्रिलला, बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टन आणि कॉनकॉर्ड या गावांत चकमकी झाल्या होत्या, तेव्हापासून अमेरिकनांच्या वेढ्यात ब्रिटिश फौज बॉस्टनमध्ये कोंडली गेली होती. 17 जूनला सकाळी उजाडतं आणि ब्रिटिशांना दिसतं की काल रिकाम्या असलेल्या टेकडीवर आज पुरुषभर उंच मातीची गढी उभी आहे. जहाजांवरून तोफा सुरू झाल्या, दुपारी जनरल विल्यम हाउ पलटणी घेऊन उतरला. जूनचं ऊन, अंगावर जाड लाल कोट, पाठीवर ओझं, गुडघ्याएवढं गवत, मधे कुंपणं, आणि त्यात कळस म्हणजे सहा पौंडी तोफांसाठी बारा पौंडी गोळे पाठवले होते कोणीतरी! (सरकारी कारभार सगळीकडे सारखाच.)

गढीतल्या लोकांकडे दारू कमी, म्हणजे बंदुकीची, आणि बहुतेकांकडे संगिनी नाहीत. म्हणून अगदी जवळ येईपर्यंत गोळी झाडायची नाही असं ठरलं. ते 'डोळ्यातलं पांढरं दिसेपर्यंत थांबा' वालं वाक्य प्रेस्कॉटच्या नावावर खपतं, दुसरा अमेरिकन सेनानी इस्रायल पटनमच्याही, कोण म्हणालं याचा पक्का पुरावा नाही, पण अर्थ एवढाच की एकही फैर फुकट घालवायची नाही. पहिला हल्ला परतवला, दुसराही परतवला. तिसऱ्या वेळेला ब्रिटिशांनी पाठीवरची ओझी टाकली आणि संगिनी रोखून वर आले, तोवर गढीतली दारू संपली होती, लोकांनी दगड मारले, बंदुका उलट्या धरून दस्त्याने हाणलं, आणि मग निघाले. अमेरिकनांची बरीचशी माणसं या माघारीतच मेली.

आता आकडे. ब्रिटिशांचे 226 मेले, 828 जखमी, म्हणजे एका दुपारीत हजाराच्या वर, त्यात अधिकारी भरपूर. अमेरिकनांचे मेलेले-जखमी धरून साडेचारशेच्या आसपास. ब्रिटिशांच्याच जनरल हेन्री क्लिंटनने स्वतः लिहून ठेवलंय की असे आणखी थोडे विजय मिळाले तर अमेरिकेतली ब्रिटिश सत्ताच संपेल, अशा अर्थाचं. बातमी लंडनला पोचली तशी बॉस्टनमधला ब्रिटिश सरसेनापती जनरल गेजला परत बोलावलं गेलं. तिकडे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधीसभेने, जुलैमध्ये ब्रिटनच्या राजाला समेटाचा अर्ज लिहिला होता, राजाने तो हातातही धरला नाही, 23 ऑगस्टला सरळ वसाहती बंडखोर आहेत असं जाहीर केलं. चार समजुतीच्या गोष्टी करून मिटेल असं दोन्हीकडे ज्यांना वाटत होतं त्यांची बोलती तिथे बंद झाली.

माझ्या मते खरा परिणाम मात्र एकाच माणसावर झाला, हाउवर. तो स्वतः पुढे होता, त्याच्या आजूबाजूचे अधिकारी एकेक करून पडताना त्याने बघितले. मार्च 1776 मध्ये अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टनने तोच डाव पुन्हा टाकला, एका रात्रीत बॉस्टनजवळच्या डॉर्चेस्टर हाइट्स या टेकड्यांवर तटबंदी आणि टायकॉन्डेरोगाच्या किल्ल्याहून बर्फातून ओढून आणलेल्या तोफा. हाउने हल्ल्याची तयारी केली, वादळ आलं, बेत रद्द, आणि 17 मार्चला ब्रिटिश बॉस्टन सोडून गेले. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडला तर हाउ जिंकला होता, वॉशिंग्टनची फौज नदीला पाठ लावून ब्रुकलिनच्या खंदकात अडकलेली, पण हा पठ्ठ्या खंदकावर चालून जायचं सोडून वेढ्याची खणाखणी करत बसला, आणि 29 तारखेच्या रात्री नऊएक हजार माणसं होड्यांतून पसार झाली. ब्रीड्स हिल आठवली असणार, दुसरं काय.

अमेरिकनांनी मात्र या लढाईतून एक भलताच धडा घेतला. शेतकऱ्याच्या हातात कुदळ आणि बंदूक दिली की झालं, कायमची फौज कशाला हवी! वॉशिंग्टन 3 जुलैला केंब्रिजला फौजेचा ताबा घेतो आणि ऑगस्टमध्ये त्याला कळतं की दारू माणशी नऊएक फैरींपुरतीच आहे. पगारी, शिस्तीची फौज द्या म्हणून तो पुढे वर्षानुवर्षं काँग्रेसच्या मागे लागला होता.

प्रश्न: डॉ. जोसेफ वॉरन कोण?

बॉस्टनचे डॉक्टर आणि मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष. नुकतीच मेजर जनरल म्हणून निवड झाली होती तरी त्या दिवशी साधा शिपाई म्हणून गढीत उभे राहिले आणि शेवटच्या हल्ल्यात गेले. आपल्याकडे गड आला पण सिंह गेला, इथे गडही गेला. ब्रिटिशांनी त्यांना तिथेच पुरलं. पुढच्या वसंतात बॉस्टन मोकळं झाल्यावर प्रेत उकरलं तेव्हा ओळख पटवली ती पॉल रिव्हिअरने, तोच, ब्रिटिश फौज लेक्सिंग्टनकडे निघाल्याची खबर घोड्यावरून देणारा. तो चांदीचं काम करायचा आणि जोडीला दातांचंही, वॉरनच्या जबड्यात तारेने बसवलेला खोटा दात त्याच्याच हातचा होता.