परदेशी मदतीतून दिलेली यंत्रं रुग्णालयं खरंच वापरतात का, हे कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा: परदेशी देणगीतून ४० रुग्णालयांना मिळून सुमारे ४०० यंत्रं दिली आहेत. त्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र), ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं), पेशंट मॉनिटर, प्रयोगशाळेतले अ‍ॅनालायझर (रक्तासारखे नमुने तपासणारे) असं बरंच काही आहे. रुग्णालयं वर्षाला एक फोटो आणि ‘यंत्र सुस्थितीत आहे’ असं सही-शिक्क्याचं पत्र पाठवतात. देणगीदाराला दाखवायला एवढं पुरेल का, आणि नसेल तर काय करायचं?

पुरणार नाही. त्या पत्रावरून यंत्र हरवलेलं नाही, एवढंच कळतं. यंत्र आहे का, ते चालतं का आणि ते रोजच्या कामात आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक पाहणी पहिल्याच प्रश्नाशी थांबते आणि खरं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्यात होतं. २०११ मध्ये १६ देशांतल्या रुग्णालयांच्या यंत्रयाद्या एकत्र करून १ लाख १२ हजारांहून अधिक उपकरणं तपासली गेली, तेव्हा ३८.३% बंद निघाली. प्रशिक्षण नाही, देखभालीची व्यवस्था नाही, वीज-पाण्याची सोय नाही, ही त्यामागची मुख्य कारणं होती. चोरी नव्हे. त्यामुळे तुमची पाहणी चोर पकडण्यासाठी आखलेली असेल, तर ती चुकीच्या जागी शोधत राहील.

सुरुवात यंत्र सोपवतानाच करावी लागते, कारण त्या दिवशी न घेतलेली नोंद पुढे कुठूनच मिळत नाही. प्रत्येक यंत्रासाठी कंपनीच्या धातूच्या किंवा छापील पट्टीवरचा सिरियल नंबर उतरवून घ्या. तुम्ही चिकटवलेल्या स्टिकरवर विसंबू नका. स्टिकर निघतो आणि दुसऱ्या यंत्रावर चिकटवताही येतो. कोणता वॉर्ड, कोणती खोली, कोणाच्या ताब्यात (नाव नको, पद लिहा, माणसं बदलतात), बसवल्याची तारीख, वॉरंटी कधीपासून कधीपर्यंत हे लिहा. वॉरंटीत एक मेख असते: ती माल रवाना झाल्यापासून धरलेली असेल आणि माल सीमाशुल्कात चार-सहा महिने अडकला, तर यंत्र सुरू होण्याआधीच अर्धी वॉरंटी संपते. म्हणून खरेदीच्या करारातच ‘बसवून चालू केल्यापासून’ हे शब्द घालून घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं, तास-मीटर किंवा काउंटर असेल तर त्याचा त्या दिवशीचा आकडा लिहा.

आता मुख्य मुद्दा. वापर मोजायचा असेल तर एकाच पुराव्यावर भिस्त ठेवू नका. यंत्राचा स्वतःचा मीटर, स्टोअरमधून गेलेला वापरून संपणारा माल आणि वॉर्डची किंवा प्रयोगशाळेची नोंदवही, हे तीन माग एकमेकांशी ताडून पाहा. तिन्ही एकदम खोटे करणं फार कष्टाचं आहे, आणि त्यांच्यातली तफावत कुठे आहे यावरून अडचण काय आहे हेही कळतं.

कॉन्सन्ट्रेटरचं उदाहरण घ्या. सोपवताना मीटर १८ तासांवर होता, ९० दिवसांनी १,०९८ वर आहे. फरक १,०८० तास, म्हणजे रोज सरासरी १२ तास. वॉर्डच्या नोंदीत त्या काळात ऑक्सिजनवरचे पेशंट रोज दिसत असतील, तर ठीक. नोंदीत जेमतेम आठवडाभराचे पेशंट असतील, तर एकतर नोंद ठेवली जात नाही किंवा यंत्र पेशंटशिवाय चालू राहतं. मीटर आधीपेक्षा मागे गेलेला दिसला तर सर्किट बोर्ड बदललाय किंवा यंत्रच बदललंय; सिरियल नंबर पुन्हा बघा. पण तास भरले म्हणजे ऑक्सिजन मिळाला असं नाही. आतलं झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे) ओलसर हवेत खराब होतं, आणि यंत्र नुसतं पडून राहिलं तरी खराब होतं. म्हणून सोबत ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारा छोटा ऑक्सिजन अ‍ॅनालायझर न्या, यंत्र पूर्ण गरम होऊ द्या आणि ठरलेल्या प्रवाहावर टक्केवारी मोजा. चांगलं यंत्र ९३ च्या आसपास दाखवतं. ८२% च्या खाली गेलं तर ते ‘चालू’ या रकान्यात बसत नाही, आवाज कितीही छान येत असला तरी. बाहेरच्या फिल्टरवर धुळीचा थर असेल तर आठवड्याची धुलाई होत नाही, हे दुसऱ्या कोणत्याही कागदाशिवाय कळतं.

प्रयोगशाळेतल्या अ‍ॅनालायझरमध्ये रिएजंट (चाचणीत वापरून संपणारं रसायन) बोलका असतो. समजा सहा महिन्यांत १०० चाचण्यांचे ६ किट संपले, म्हणजे ६०० चाचण्यांचा माल. नोंदवहीत ५२० पेशंट आहेत. कॅलिब्रेशन (यंत्राचं माप जुळवणं), रोजचे कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) आणि पुन्हा केलेल्या चाचण्या धरल्या तर हा हिशेब जुळतो. नोंदवहीत ९०० असतील तर किट आणखी कुठून तरी येतंय किंवा आकडे बसवलेले आहेत. आधी खरेदीच्या पावत्या मागा, मग निष्कर्ष काढा. नोंदवहीत २०० च असतील तर माल मुदत संपून फेकला गेलाय का ते पाहा. ही यंत्रं बहुधा ‘बंद’ पद्धतीची असतात, त्याच कंपनीचा रिएजंट लागतो. देणगीसोबतचा पहिला साठा संपला की वापर एकदम शून्यावर येतो. महिन्यागणिक आलेख काढलात तर हा कडा स्पष्ट दिसतो.

इतर यंत्रांतही असाच माग शोधा: ऑटोक्लेव्हला दर फेरीची वही आणि निदर्शक टेप (पुरेशी उष्णता मिळाली की रंग बदलणारी पट्टी), ईसीजीला कागदाचे रोल, पेशंट मॉनिटरला बोटाचा सेन्सर. हा सेन्सर सगळ्यांत आधी तुटतो. पडदा लखलखीत चालू आणि सेन्सर ड्रॉवरमध्ये तुटलेला, असा मॉनिटर कागदावर नेहमी ‘सुस्थितीत’ असतो.

भेटीत ‘यंत्र चालतं का?’ असं विचारू नका. उत्तर हो असंच येतं. ‘पेशंटला लावायच्या तयारीत आणून दाखवा’ असं म्हणा आणि घड्याळ लावा. हे वॉर्डप्रमुखाला नाही, त्या पाळीवरच्या नर्सला सांगा, शक्य असेल तर रात्रपाळीच्या नर्सला. किल्ली रजेवर गेलेल्या अधिकाऱ्याकडे आहे, प्लग सॉकेटमध्ये बसत नाही, पासवर्ड कोणालाच माहीत नाही, प्रशिक्षण घेतलेला माणूस बदलून गेला, हे सगळं दहा मिनिटांत बाहेर येतं. पडद्यावरची संरक्षक फिल्म आणि केबलची कंपनीतली गाठ जशीच्या तशी असेल तर मीटर बघायचीही गरज नाही.

कुलपात ठेवलेल्या यंत्रांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे तपासणारेच नकळत नुकसान करतात. महागडी वस्तू मोडली तर आपल्या पगारातून कापतील, ही भीती कर्मचाऱ्यांना असते. त्यात दरवर्षी कोणीतरी येऊन ‘यंत्र नवंकोरं आहे ना’ हेच बघत असेल, तर ते न वापरणं हाच सुरक्षित मार्ग ठरतो. म्हणून करारात लेखी घाला की नेहमीच्या वापरातली झीज आणि बिघाड यांची जबाबदारी कोणा कर्मचाऱ्यावर टाकली जाणार नाही. पाहणीच्या फॉर्मवर ‘बिघाड कळवल्याची तारीख’ हा रकाना ठेवा आणि वेळेवर कळवणं ही चांगली गोष्ट म्हणून नोंदवा. आणि पाहणीसोबत दुरुस्तीचे पैसे हवेतच. बंद यंत्राची नोंद घेऊन जायचं आणि वर्षभराने पुन्हा तीच नोंद घ्यायची, असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी तुम्हाला खरं कोणी सांगणार नाही. मी पाहणाऱ्यासोबत नेहमी फ्यूज, सेन्सर, दाराची गॅस्केट (रबरी कडी), फिल्टर आणि प्लग बदलून देणारा तंत्रज्ञ पाठवायला सांगेन. बिघाडांचा मोठा वाटा अशाच किरकोळ भागांचा असतो.

फॉर्ममध्ये ‘चालू/बंद’ असे दोनच पर्याय असतील तर तो फाडून नवा करा. स्थिती निदान सहा लागतात: चालू आणि वापरात, चालू पण वापरात नाही, नादुरुस्त पण दुरुस्त होण्याजोगं, मोडीत काढण्याजोगं, दुसरीकडे हलवलेलं, सापडत नाही. दुसऱ्या प्रकारात कारण लिहायलाच हवं. माल संपला, माणूस नाही, वीज-पाणी नाही, त्या प्रकारचे पेशंटच येत नाहीत, किंवा मुळात हे यंत्र कोणी मागितलंच नव्हतं, या प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. विजेचं कारण तर दात्याच्या टेबलावरच ओळखता येतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाम्बियातल्या एका रुग्णालयाला मिळालेल्या ८ कॉन्सन्ट्रेटरची हकिकत आहे. तिथल्या विजेचा दाब आणि फ्रिक्वेन्सी त्यांना चालणारी नव्हती, म्हणून ते वापरताच आले नाहीत. बिलाचाही विचार करा: ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो, म्हणजे २४ तासांत ८ युनिटच्या वर. दहा यंत्रं दिली आणि बिल कोण भरणार हे ठरवलं नाही, तर ती बंद ठेवली जाणारच. ‘हलवलेलं’ म्हणजे गैरव्यवहार असंही समजू नका. गरज असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात यंत्र रोज चालत असेल तर तो चांगला निर्णय आहे. फक्त तो लेखी हवा आणि दात्याला कळवलेला हवा.

वेळापत्रक असं ठेवा: बसवल्यापासून ३० दिवसांनी, मग ९० दिवसांनी, मग सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा. पहिल्या ३० दिवसांची भेट टाळू नका. तोवर वॉरंटी असते, शिकवलेली माणसं तिथेच असतात आणि चूक स्वस्तात सुधारते. पैसा अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या अनुदानातला असेल तर किमान दोन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष मोजणी करून ती नोंदींशी जुळवणं हा नियमच आहे, आणि नोंदीत सिरियल नंबर, ठिकाण, वापर आणि स्थिती असावी लागते. इतर दात्यांच्या अटी अनुदानपत्रात पाहा. वरची पद्धत पाळलीत तर बहुतेक अटी आपोआप भागतात.

४०० यंत्रं दरवर्षी बघणं झेपणार नाही. महागडी सगळी बघा, उरलेल्यांतून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करा, आणि निवड तुम्ही करा, रुग्णालयाने नव्हे. नमुना छोटा असेल तर त्यातून मोठा दावा करू नका: ३० यंत्रं पाहिली आणि तीसही वापरात निघाली, तरी एकूण यंत्रांपैकी १०% पर्यंत बंद असण्याची शक्यता उरते (३ ला ३० ने भागा, ९५% खात्रीचा हा ढोबळ नियम आहे). ६० पाहिलीत तर ही मर्यादा ५% वर येते. मोजणी दोन्ही दिशांनी करा. यादीतलं यंत्र वॉर्डात शोधा, आणि वॉर्डात दिसलेलं यंत्र जडवस्तू नोंदवहीत (रुग्णालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) शोधा. दुसरी दिशा सहसा कोणी करत नाही, पण नोंदच न झालेली यंत्रं तिथेच सापडतात. अशा यंत्रांना देखभालीचा पैसा कधी मिळत नाही.

मधल्या महिन्यांत फोटो मागवायला हरकत नाही, फक्त जुना फोटो परत येऊ नये म्हणून ज्या दिवशी हवा त्या दिवशी एक चार अंकी आकडा कळवा, तो कागदावर लिहून यंत्राशेजारी ठेवायचा आणि चौकटीत मीटर व सिरियल नंबर दिसला पाहिजे. पेशंटचा चेहरा, खाटेवरचं नाव, केसपेपर यांतलं काहीही फोटोत नको. नोंदवहीतूनही फक्त आकडे घ्या, पानांचे फोटो काढू नका. विजेच्या तारेवर लावायचे प्रवाह मोजणारे सेन्सर हल्ली सुचवले जातात. ते यंत्र चालू होतं हे सांगतात, पेशंटला लावलं होतं हे नाही, आणि ते स्वतःही बंद पडतात. शीतसाखळीच्या, म्हणजे लसी थंड ठेवणाऱ्या, फ्रिजला तापमान लॉगर (तापमान सतत नोंदवणारं उपकरण) मात्र घ्याच. २ ते ८ अंशांच्या बाहेर किती तास गेले, हा त्या फ्रिजचा खरा अहवाल आहे.

शेवटी काय होणार तेही सुरुवातीच्या करारात असू द्या. चालू असून ९० दिवस वापरात नसलेलं यंत्र, कारण दूर होत नसेल तर, दोघांच्या सहमतीने हलवायचं. मालकी कोणाची, दात्याचा हक्क किती वर्षांनी संपतो आणि निर्लेखनाची (यंत्र नोंदीतून कमी करून मोडीत काढण्याची) परवानगी कोण देणार, हे लिहा. हे ठरलेलं नसलं की मोडकी यंत्रं मागच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि तुमच्या टक्केवारीत बंद म्हणून मोजली जातात. मोडीत काढण्याआधी चालणारे सेन्सर, केबल, पंखे, फ्यूज काढून त्याच प्रकारच्या इतर यंत्रांसाठी ठेवा, बॅटऱ्या वेगळ्या करा, आणि सोनोग्राफी किंवा अ‍ॅनालायझरच्या हार्ड डिस्कवरची पेशंटची माहिती पुसल्याची सही घेतल्याशिवाय यंत्र आवाराबाहेर जाऊ देऊ नका.