मंगल कार्यालयात कॅमेऱ्याचं वायफाय सारखं तुटतं, कॅमेरा दुरुस्तीला टाकू का?

तुम्ही लिहिलंय की घरी कॅमेरा फोनला नीट जोडला जातो, पण साताऱ्यातल्या कार्यालयात दोन-चार फोटो गेले की वायफाय तुटतं, तर अँटेना गेला असेल का? एवढ्यात दुरुस्तीला टाकू नका. घरी चालतंय ना, मग अँटेना बहुधा शाबूत आहे.

मी सांगलीत लग्नाची कामं करतो. मलाही हाच ताप होता आणि त्याचा उलगडा झाला तुमच्याच कासला. फुलांच्या दिवसांत पठारावर गेलो होतो. मोबाईलला रेंज नाही, पण कॅमेऱ्यातले फोटो सटासट फोनवर येत होते. कॅमेरा स्वतःच छोटा राउटर होतो, त्याला कंपनीच्या रेंजशी देणंघेणं नाही. त्याला हवी असते शांतता, आणि ती कासला होती.

कार्यालयात ती कुठून मिळणार? बरेच कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतात. त्याच पट्ट्यात कार्यालयाचा राउटर, वऱ्हाडाचे हॉटस्पॉट, ब्लूटूथ, अनेकदा ड्रोनसुद्धा. आणि मला फार उशिरा लक्षात आलेली गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅशचा ट्रिगर, म्हणजे लांबचा फ्लॅश वायरशिवाय उडवणारी डबी. आजकालचे बरेच ट्रिगर २.४ वरच चालतात, म्हणजे अँटेनापासून चार बोटांवर आपणच गोंगाट करणारा बसवलेला असतो. फोटो पाठवताना तो बंद करून बघा. माझं निम्मं दुखणं तिथेच गेलं. कॅमेऱ्यात ५ गिगाहर्ट्झचा पर्याय असेल तर तो घ्या. मध्ये भिंत आली की तो लवकर मान टाकतो, पण हातभर अंतरावर चिंता नाही.

दुसरा संशयित तुमचा फोन. कॅमेऱ्याच्या वायफायवर इंटरनेट नसतं. फोनला वाटतं हे नेटवर्क निकामी, आणि तो गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतो. सिग्नलच्या काड्या भरलेल्या असताना तुटत असेल, तर आधी हेच तपासा. ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का?’ असं विचारलं तर ‘होय’ करा, तेवढा वेळ डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवा. मुळात जोडलंच जात नसेल तर ॲपच्या परवानग्या बघा: अँड्रॉइडवर लोकेशन, आयफोनवर लोकल नेटवर्क.

फोन मागच्या खिशात आणि कॅमेरा पोटावर लटकलेला, असं असेल तर मध्ये आपण उभे. शरीरात पाणी भरपूर, ते २.४ च्या लहरी पिऊन टाकतं. दोन्ही एकाच बाजूला ठेवा. बॅटरी उतरली की काही कॅमेरे वायफाय बंद करतात, आणि ऑटो पॉवर ऑफची वेळही वाढवून ठेवा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, साधारण २०-३० एमबीची असते, ती पाठवण्याच्या फंदात पडू नका. ॲपमध्ये २ मेगापिक्सेलचा आकार निवडला तर फोटो क्षणात जातो, स्टेटसला तेवढा पुष्कळ.

घरी, हातभर अंतरावर, ट्रिगर आणि डेटा बंद ठेवूनही तुटायला लागलं, तरच दुरुस्तीवाल्याकडे जा.

आणि खरं सांगू? अक्षता पडायच्या आत करवलीला फोटो हवाच असतो, म्हणून मी खिशात ओटीजीचा कार्ड रीडर ठेवतो. कार्ड काढायचं, फोनला लावायचं, फोटो द्यायचा. फक्त कार्ड परत कॅमेऱ्यात घालायला विसरू नका. एकदा मी विसरलो होतो, आणि सप्तपदी सुरू झाली होती.