मेक्सिकोत बनलेला बोलिंग बॉल घ्यावा का?

अमेरिकन कंपनीचा बॉल पसंत केलात आणि त्यावर ‘मेड इन मेक्सिको’ वाचून पाय मागे घेतलात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे दोन्हीकडचे बॉल आहेत. तडा गेला तो अमेरिकेत बनलेल्याला.

ब्रन्सविक या अमेरिकन बॉल-कंपनीने २००६च्या सुमारास मिशिगनमधल्या मस्कीगनचं बॉलचं उत्पादन मेक्सिकोत रेनोसाला नेलं. २०१९ मध्ये एबोनाइट ही दुसरी बॉल-कंपनी विकत घेतल्यावर केंटकीतल्या हॉपकिन्सव्हिलचं कामही तिकडेच गेलं. जुने खेळाडू तेव्हापासून कुरकुरतायत. पण स्टॉर्म या कंपनीचे बॉल अमेरिकेत, युटामध्येच बनतात, आणि मार्च २०२२ मध्ये अमेरिकन बोलिंग संघटनेने त्यांच्याच ‘स्पेक्टर’ या बॉलची मान्यता काढून घेतली. तपासलेले नमुने नियमापेक्षा मऊ निघाले होते. तेव्हा पत्त्यावरून दर्जा ठरत नाही.

बॉल आतून एकसंध नसतो. आधी जड गाभा ओततात, मग साच्यात त्याभोवती वरचं कवच. ते नीट आवळून घट्ट व्हायला वेळ द्यावा लागतो. इथे घाई झाली की ताण आत राहतो. शिवाय गाभा आणि कवच उष्णतेने सारखे फुगत नाहीत. आपण त्यात बोटांसाठी भोकं पाडतो, म्हणजे नेमकी कमकुवत जागा तयार करतो.

माझं काय झालं सांगतो. मे महिन्यात दादरला एका लग्नाला गेलो. बॉल डिकीत, गाडी चार तास उन्हात. तिथून थेट लोअर परळला, गारेगार एसीत, आणि लगेच खेळायला उभा. हा उद्योग मी दोन-तीनदा केला. मग एक दिवस दोन बोटांच्या भोकांमधल्या पट्टीवर केसाएवढी चीर दिसली. दोष कुणाला देणार? तेव्हापासून बॉल घरात कपाटात, पंख्याखाली नाही की गाडीत नाही. बायको म्हणते, लोणच्याची बरणी एवढी जपत नाहीस.

दुकानात मेक्सिको शोधण्यापेक्षा हे बघा: भोकं पाडण्यापूर्वी बॉल उजेडात फिरवून चीर, फुगा किंवा खड्डा दिसतो का, आणि ड्रिल करणारा तुमच्या हाताचं माप घेतो का, की अंदाजे पाडतो. मुंबईत असा माणूस मिळणं हीच खरी अडचण. आधी तो शोधा, बॉल नंतर. आणि नुसतं महिन्यातून एकदा मित्रांबरोबर जात असाल, तर तिथेच खेळायला मिळणारे पॉलिएस्टरचे बॉलच पुरे. रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन या सच्छिद्र प्लॅस्टिकचा बॉल लेनवर मुद्दाम लावलेलं तेल शोषतो, तो दरवेळी पुसत बसावं लागतं.