जर्मनीतल्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून जावं का? तिथे म्हणे आयाबाईचं काम करायला लावतात?

‘आयाबाईचं काम’ वाचलं आणि राहवलं नाही. हो, लावतात. अंघोळ, डायपर, दात घासणं, भरवणं, सगळं सिस्टरच करते. इथे मावशींना हाक मारायची सोय नाही.

पुण्यात मी आठ वर्षं आयसीयू केलं. श्टुटगार्टजवळच्या या आश्रमात पहिल्याच आठवड्यात एका आजोबांना अंघोळ घालायला सांगितली. व्हेंटिलेटर सांभाळणारी मी, तोंड पाडून कसंबसं उरकत होते. सोबतच्या सीनियर सिस्टरने त्यांची टाच उचलली. रुपयाएवढा लाल डाग. तिने बोट दाबून सोडलं. डाग पांढरा पडलाच नाही. बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात! पोटरीखाली उशी, टाच अधांतरी, ठरल्या वेळी कूस, आणि लगेच नोंद. अंघोळ मावशींनी घातली असती, तर मला थेट जखमच दिसली असती.

आमचा दादा अजून म्हणतो, “एवढं शिकून म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतेस. ते लोक आईबापांना आश्रमात टाकतात.” अरे दादा, 2023च्या अखेरीस जर्मनीत सुमारे 57 लाख लोकांना देखभालीची गरज होती. त्यांतले आश्रमात जेमतेम 8 लाख, बाकीचे घरीच. आणि आपल्या बाबांकडे नर्सिंग ब्युरोने पाठवलेली पोरगी? बारा तासांची ड्युटी, कूस बदलायला कुणी शिकवलेलंच नाही. बाबांच्या माकडहाडावरची जखम मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. तू म्हणालास, “सिस्टर मिळतच नाहीत.” कशा मिळतील? हे काम हलकं, असं घरोघरी तूच सांगत फिरतोस.

असो. इथेही माणसं कमीच आहेत, म्हणून तर आपल्याला बोलावतात. नाइटला चाळीस जणांमागे मी आणि एक हेल्पर. एकीला बाथरूममध्ये धरून उभी असते, तेवढ्यात दोन बेल वाजतात.

आता तुमचं. पात्रतेची मान्यता मिळेपर्यंत पगार हेल्परचा. मान्यतेसाठी जर्मन भाषेची बी2 पातळी लागते. मला अकरा महिने लागले. एजंट पैसे मागत असेल तर उठून या. केरळने 2021मध्ये जर्मनीशी केलेल्या ‘ट्रिपल विन’ या नर्सभरतीच्या करारात नर्सकडून पैसे घेत नाहीत. नोकरी मध्येच सोडली तर तुमच्यावर झालेल्या खर्चातले किती परत द्यावे लागतील, ते कंत्राटात नीट वाचा. आणि कंबर आत्ताच दुखत असेल तर येऊ नका.