एडिटर ओळखतो, तरी स्क्रिप्ट चालत का नाही?

प्रश्न : माझ्या स्क्रिप्टच्या नावाला एक्स्टेन्शन नाही. तरी एडिटर ती पायथनची म्हणून ओळखतो आणि शब्द रंगवतो. टर्मिनलमध्ये चालवायला गेलं की मात्र ‘परमिशन डिनाइड’ येतं. असं का?

उत्तर : कारण रंग आणि परवानगी यांचा एकमेकांशी संबंधच नाही. एडिटरला फक्त मजकुराची भाषा ठरवायची असते. त्यासाठी तो फाइलचं नाव, एक्स्टेन्शन आणि पहिली ओळ पाहतो. तुमच्या फाइलच्या पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्हानंतर इंटरप्रिटरचा, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता असणार. हाच शेबँग. तेवढ्यावरून एडिटरने पायथन ओळखली. या तिन्हींचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. व्हीएस कोड हा एडिटर आधी नाव आणि एक्स्टेन्शन बघतो, त्यातून काही लागलं नाही तरच पहिल्या ओळीकडे वळतो. ईमॅक्स हा दुसरा एडिटर शेबँगला एक्स्टेन्शनच्या आधी मान देतो. त्यामुळे शेबँग असलेली ‘.टीएक्सटी’ फाइल एकात साधा मजकूर म्हणून उघडते, तर दुसऱ्यात स्क्रिप्ट म्हणून.

लिनक्स किंवा मॅक फाइल चालवताना आधी एक्झिक्युट बिट, म्हणजे फाइल चालवायच्या परवानगीची खूण, तपासतात. हा बिट फाइलच्या मजकुरात नसतो, फाइल सिस्टीम तो वेगळा नोंदवते. नवी फाइल साधारणपणे ६४४ परवानगीने तयार होते, म्हणजे वाचता-लिहिता येते, चालवता येत नाही. ‘सीएचमॉड यू+एक्स’ आणि पुढे फाइलचं नाव द्या, की तुमच्यापुरतं काम होईल. सगळ्यांना चालवू द्यायची असेल तर ७५५ द्या. मग ‘एलएस -एफ’ (मोठा एफ) केलंत की नावापुढे तारा दिसेल. ‘फाइल’ या कमांडवर मात्र इथे विसंबू नका. ती नुसता मजकूर पाहून ‘एक्झिक्युटेबल’ म्हणते, बिट असो वा नसो.

‘पायथन३’ लिहून पुढे फाइलचं नाव दिलं तर बिट नसतानाही स्क्रिप्ट चालते, कारण तेव्हा चालतो तो पायथन. तुमची फाइल तो फक्त वाचतो.

प्रश्न : विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर आणली. बिट दिला, शेबँग बरोबर आहे, फाइल समोर दिसते आहे, तरी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येतं.

उत्तर : सापडत नाही तो इंटरप्रिटर, तुमची फाइल नव्हे. विंडोजच्या पद्धतीत ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ अशी दोन चिन्हं असतात. त्यातलं सीआर शेबँगच्या ओळीला चिकटून राहतं आणि सिस्टीम ‘पायथन३’ऐवजी ‘पायथन३’ अधिक एक अदृश्य चिन्ह, अशा नावाचा प्रोग्रॅम शोधते. एडिटरला याचं काहीच वाटत नाही, रंग जसेच्या तसे दिसतात, म्हणून ही चूक माणसाला तासन्‌तास छळते. ‘कॅट -ए’ने (मोठा ए) फाइल दाखवा. ओळींच्या शेवटी ‘^एम’ दिसलं तर निदान पक्कं. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीत उजवीकडे ‘सीआरएलएफ’ असेल, त्यावर क्लिक करून ‘एलएफ’ निवडा आणि सेव्ह करा. व्हिममध्ये ‘सेट फाइलफॉरमॅट=युनिक्स’ करून सेव्ह करा.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, हेही बघून घ्या. ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ असेल तर हॅशच्या आधी तीन अदृश्य बाइट येतात. कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, अगदी पहिले दोन बाइट हॅश आणि उद्गारचिन्हच हवे असतात. ते मिळाले नाहीत तर शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, बहुधा ती फाइल स्वतःच्याच आज्ञा समजून चालवायला घेतो आणि पायथनच्या ओळींवर भलत्याच चुका दाखवतो.

प्रश्न : सेव्ह करतानाच एडिटरने बिट द्यावा, अशी सोय आहे का?

उत्तर : ईमॅक्समध्ये आहे. सेव्हनंतर आपोआप चालणाऱ्या ‘आफ्टर-सेव्ह-हुक’ला ‘एक्झिक्युटेबल-मेक-बफर-फाइल-एक्झिक्युटेबल-इफ-स्क्रिप्ट-पी’ हे फंक्शन जोडा. शेबँग असेल तरच ते बिट देतं. व्हिममध्ये ‘बफराइटपोस्ट’वर, म्हणजे सेव्ह झाल्यावर, आपोआप चालणारी ऑटोकमांड लावून तेच साधता येतं. पण ती लावताना शेबँगची अट विसरू नका, नाहीतर साध्या टिपणांनाही बिट मिळत जाईल.

फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, असेल तर बिट तिथेही पोहोचायला हवा. साध्या फाइलसाठी गिट १००६४४ आणि चालवायच्या फाइलसाठी १००७५५ नोंदवतो. विंडोजवर हा बिटच नसल्याने तिथून तो ‘गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स’ने द्यावा लागतो आणि मग कमिट करावं लागतं.